टब बाहेर, प्रोब हवेत: घरी बनवलेल्या सापांच्या रॅकमधल्या हीटिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हा रॅक एका ताईंनी स्वतःच्या हातांनी बनवलेला. १८ मिलिमीटर जाडीचा लॅमिनेट लावलेला पार्टिकल बोर्ड, सहा कप्पे, प्रत्येक कप्प्यात पुढे-मागे सरकणारा एक प्लॅस्टिकचा टब. टबला वेगळं झाकण नाही, वरच्या कप्प्याची फळी हेच झाकण. टब सुमारे ८० सेंटिमीटर लांब आणि ४० रुंद. टबची कड आणि वरची फळी यांच्यात जेमतेम ३ मिलिमीटरची फट, आणि ती सहाही कप्प्यांत सारखी. हे काम पाहून मला मनापासून कौतुक वाटलं, कारण घरगुती रॅकमध्ये साप निसटतो तो बहुतेक वेळा याच फटीतून.

रॅकमध्ये चार बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक, दोन्ही पाळल्या जाणाऱ्या बिनविषारी सापांच्या जाती. सगळे पाळलेल्या जोड्यांपासून जन्मलेले, रीतसर परवानगी असलेले. कप्पे मी खालून वर मोजतो: पहिला सर्वांत खाली, सहावा सर्वांत वर. त्या वेळी कॉर्न स्नेक दुसऱ्या आणि सहाव्या कप्प्यात होते, बाकीच्यांत बॉल पायथन.

सापाला स्वतःच्या अंगात ऊब तयार करता येत नाही. गरम आणि थंड जागेत ये-जा करून तो शरीराचं तापमान सांभाळतो. बॉल पायथनला गरम टोकाला ३१ ते ३२ अंश सेल्सिअस आणि थंड टोकाला २५ ते २७ अंश लागतात. कॉर्न स्नेकला दोन्ही टोकं त्याहून थोडी कमी: गरम टोक २८ ते ३०, थंड टोक २२ ते २५. गरम टोकच नसेल तर खाल्लेलं पचत नाही, कधी उलटून पडतं. थंड टोक नसेल तर पळायला जागा उरत नाही. म्हणून टबच्या फक्त मागच्या भागाला, साधारण एक तृतीयांश तळाला, खालून ऊब द्यायची ही रॅकची नेहमीची पद्धत.

ताईंनी त्यासाठी साडेसात सेंटिमीटर रुंदीची हीट टेप वापरली होती. ही टेप म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यात बसवलेला कार्बनचा थर आणि दोन्ही कडांना धातूच्या दोन पट्ट्या. प्रत्येक कप्प्यात ४० सेंटिमीटरचा एक तुकडा, वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी, आणि सहाही तुकडे वायरने एकमेकांना जोडलेले. सगळ्यांवर मिळून एकच थर्मोस्टॅट, म्हणजे ठरवलेल्या तापमानाप्रमाणे वीज सोडणारं किंवा तोडणारं उपकरण. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायरच्या टोकाची गोळी, तिसऱ्या कप्प्यातल्या टबला मागून भोक पाडून आत घेतलेला आणि चिकटपट्टीने तळाला लावलेला. असं दहा महिने सुरळीत चाललं होतं.

त्या दिवशी काय झालं

ताईंनी तिसऱ्या कप्प्यातला टब धुवायला काढला. टब ओढल्यावर प्रोब भोकातून सुटला आणि कप्प्याच्या मागे हवेत लटकत राहिला. टब धुऊन वाळत ठेवला, साप तात्पुरत्या डब्यात ठेवला, आणि त्या कामाला निघून गेल्या.

पुढचं सगळं त्या लटकत्या प्रोबमुळे घडलं. प्रोबला दिसत होती खोलीची हवा, २५ अंश. थर्मोस्टॅटला सांगितलेलं होतं ३२. त्याने आपलं काम चोख केलं: वीज चालू ठेवली. सुमारे चार तास सहाही टेप पूर्ण ताकदीने तापत राहिल्या. थर्मोस्टॅट बिघडलेला नव्हता, हे इथे मुद्दाम सांगतो, कारण ताईंचा पहिला संशय त्याच्यावरच होता आणि त्या नवीन थर्मोस्टॅट मागवायच्या तयारीत होत्या.

घरी आल्यावर त्यांनी सहावा टब उघडला. कॉर्न स्नेक पुढच्या भिंतीला अंग चिकटवून, मागच्या टोकापासून जमेल तितका लांब पडला होता. इन्फ्रारेड थर्मामीटर (न टेकवता पृष्ठभागाचं तापमान मोजणारा) मागच्या तळावर धरला तर ४४ अंश. त्यांनी लगेच पिन काढली आणि एकेक टब बाहेर घेतला. पाच साप ठीक होते. पाचव्या कप्प्यातला बॉल पायथन मात्र गरम टोकाच्या लपणीत वेटोळं घालून तसाच बसलेला सापडला. उचलून पाहिलं तर पोटाच्या मधल्या भागातले आडवे खवले गुलाबी झालेले, आणि दोन खवल्यांच्या कडेला पाणी धरल्यासारखी फुगी.

जवळच थंड टोक असताना तो हलला का नाही? त्या टबमध्ये लपायची जागा एकच होती आणि ती गरम टोकाला होती. बॉल पायथनसारखा बुजरा साप उघड्यावर यायचं टाळतो, त्यासाठी नको तितकी ऊबही सोसतो. पोटाखालून हळूहळू वाढणाऱ्या उष्णतेपासून साप वेळेत बाजूला होईलच, असं धरून चालता येत नाही.

पहिला निर्णय, आणि तो चुकला

ताईंचा फोन आला तेव्हा भाजलेल्या सापाला त्या दिवशीच पशुवैद्याकडे न्या असं मी सांगितलं, ते बरोबर होतं. दुसरं वाक्य चुकलं. बाकीच्या सापांचं काय, असं त्यांनी विचारल्यावर मी म्हणालो, "ताई, मी परवा येतो, तोवर थर्मोस्टॅट २८ वर ठेवा आणि रॅक चालू राहू द्या."

प्रोब पुन्हा सुटला असता तर २८ काय आणि ३२ काय, दोन्ही सारखेच. खोली २५ अंशांवर असेपर्यंत टेप तापतच राहिली असती. मी तिथे आकड्याचा विचार केला, प्रोबच्या जागेचा नाही. खोली २४–२५ अंशांची होती. तशा खोलीत निरोगी, मोठे बॉल पायथन आणि कॉर्न स्नेक दोन-तीन दिवस हीटिंगशिवाय सहज राहतात, फक्त तेवढे दिवस खायला घालायचं नाही. सरळ उत्तर होतं: पिन काढा आणि काढलेलीच ठेवा. ते दोन दिवस काही घडलं नाही हे नशीब.

त्या फोननंतर मी एक प्रश्न कागदावर लिहिला आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर घासून पाहिला: हा भाग बिघडला तर रॅक गरम होईल की थंड? थंड झाला तर दुरुस्तीला एक-दोन दिवस मिळतात. गरम झाला तर कधी कधी एक तासही मिळत नाही.

तपासणीत काय सापडलं

टेपवर छापलेलं व्होल्टेज मी सर्वांत आधी पाहिलं. ते घरातल्या पुरवठ्याशी जुळत होतं. हे पाहणं गरजेचं असतं, कारण तापणाऱ्या टेपला तिच्यासाठी ठरलेल्या व्होल्टेजच्या दुप्पट व्होल्टेज मिळालं तर वॅट दुप्पट नाही, चौपट होतात.

मग इन्फ्रारेड थर्मामीटर. टेप चालू करून वीस मिनिटांनी मी तो ॲल्युमिनियमच्या चकचकीत पट्टीवर धरला. आकडा २७. हात ठेवला तर चांगलंच गरम. त्याच जागी काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा चिकटवून पुन्हा मोजलं, तर ४१. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आजूबाजूच्या वस्तूंची परावर्तित करतो, आणि हे थर्मामीटर तेच मोजतं. ताई दहा महिने टब काढून पट्टीवर मोजत होत्या आणि २६–२७ दिसल्यावर थर्मोस्टॅट थोडा वाढवत होत्या. ३२चा आकडा असाच चढत चढत आला होता.

तिसऱ्या कप्प्यात टब काढून मी टॉर्च तिरका धरला. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दोन समांतर चरे उमटले होते, टबच्या तळाच्या कडांच्या बरोबर रेषेत. टब सरकला की कड पट्टीवरून घासते. दहा महिने आठवड्यातून दोनदा, म्हणजे ऐंशीच्या वर वेळा. एका ठिकाणी पट्टी फाटून तिची कड टेपच्या कापलेल्या टोकाकडे वळली होती. त्या टोकाला वीज वाहणाऱ्या दोन्ही धातूपट्ट्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर फक्त साधी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. फाटकी कड आणि जिवंत पट्टी यांच्यात जेमतेम ५ मिलिमीटर अंतर. तेवढं मिटलं असतं तर सगळी ॲल्युमिनियम पट्टी जिवंत झाली असती, आणि तिच्यावरच्या टबमध्ये पाण्याचं भांडं. अर्थिंग कुठेच नव्हतं.

वायरचे जोड पिळून टेप गुंडाळलेले. पाचव्या कप्प्याच्या जोडावरची टेप कडक आणि तपकिरी झाली होती. ढिला जोड तापतो, तापला की आणखी ढिला होतो. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर, पहिल्या कप्प्याच्या खाली, आणि त्याच्यावर पाण्याचे वाळलेले डाग.

टबमध्ये आणखी एक गोष्ट होती, विजेशी तिचा संबंध नाही, पण ती तितकीच धोक्याची: प्रोब धरायला वापरलेली चिकटपट्टी. एक कोपरा सुटलेला होता. सापाचं अंग अशा कोपऱ्याला चिकटलं तर तो सुटायला वळतो, आणखी गुंडाळला जातो, आणि खवल्यांसकट कातडी निघते. सापाच्या टबमध्ये चिकटपट्टी असूच नये. त्याला मी अपवाद मानत नाही.

पर्याय

खोलीच तापवायची आणि रॅकमध्ये वीजच न्यायची नाही, हा पहिला पर्याय. ज्यांच्याकडे खूप साप असतात आणि त्यांची खोली स्वतंत्र असते, ते असं करतात. टबमध्ये वायर नाही, प्रोब नाही. पण इथे खोलीत घरची माणसंही झोपायची, आणि दोन जातींना एकच तापमान चालणार नव्हतं.

प्रत्येक टबला वेगळी हीट पॅड आणि वेगळा थर्मोस्टॅट. नियंत्रण सगळ्यांत बारीक. पण सहा प्रोब, सहा पिना, सहा थर्मोस्टॅट, आणि दर महिन्याला सहाही तपासणार कोण? ताईंनीच प्रामाणिकपणे सांगितलं, "दादा, दोन महिने करीन मी, मग सुटेल." असं उत्तर देणाऱ्या माणसाबरोबर काम करायला मला आवडतं. जी देखभाल होणार नाही, तिच्यावर सुरक्षितता उभी करू नये.

आहे तीच हीट टेप नीट बसवायची, हा तिसरा. कारखान्याच्या क्लिपा, टोकांना इन्सुलेशनच्या टोप्या, फळीत खोबणी. हे करता येतं आणि नीट केलेले असे रॅक वर्षानुवर्षं चालतात. मी इथे नको म्हणालो, कारण सहा तुकडे म्हणजे निदान बारा ठिकाणी घरी केलेले जोड आणि सहा कापलेली टोकं, सगळी विजेच्या पूर्ण दाबाची, सगळी अंधाऱ्या मागच्या बाजूला.

चौथा पर्याय हीटिंग केबल. सिलिकॉनच्या आवरणातली, कारखान्यातच दोन्ही टोकं बंद केलेली, पिनेपर्यंत घरी केलेला एकही जोड नसलेली. ती मधे कुठे तुटली तर सगळी बंद पडते, म्हणजे रॅक थंड होतो. कागदावरच्या प्रश्नाला हवं असलेलं उत्तर हेच होतं.

तरी केबल निवडण्यामागचं मोठं कारण वेगळं होतं. जुन्या टेपचा प्रत्येक तुकडा सुमारे १३ वॅटचा होता. नव्या बेतात ५० वॅटची, ७ मीटर लांब केबल चार कप्प्यांत वाटली, म्हणजे कप्प्यामागे साडेबारा वॅट. जवळजवळ तेवढेच. मग फरक काय पडला? टेपचे १३ वॅट ४० गुणिले साडेसात, म्हणजे ३०० चौरस सेंटिमीटरवर एकवटलेले होते. केबल चार फेऱ्यांत पसरली की तेवढेच वॅट ४० गुणिले २०, म्हणजे ८०० चौरस सेंटिमीटरवर जातात. टबचा तळ किती तापेल हे नुसत्या वॅटवर ठरत नाही, ते वॅट किती जागेवर पसरलेत त्यावर ठरतं. दुकानातून आणलेल्या खोक्यावर फक्त वॅट लिहिलेले असतात, म्हणून हा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत.

कॉर्न स्नेकसाठी वेगळी, १५ वॅटची, साडेतीन मीटरची केबल घेतली. त्यांना खालच्या दोन कप्प्यांत आणलं, कारण गरम हवा वर चढते आणि सगळ्यांत कमी ऊब लागणारे साप सगळ्यांत वर ठेवण्यात काही अर्थ नव्हता. एकाच थर्मोस्टॅटवर दोन जाती सांभाळायच्या म्हणजे एकीला कायम चुकीचं तापमान मिळणार, त्यामुळे थर्मोस्टॅटही दोन झाले.

काम कसं केलं

जुनी टेप, पट्ट्या आणि जोड सगळे काढून टाकले. फळ्यांच्या मागच्या भागात राऊटरने (लाकडात खाच पाडणाऱ्या यंत्राने) केबलच्या जाडीची खोबणी केली, फेऱ्यांत ५ सेंटिमीटर अंतर ठेवून, कोपरे गोल. केबल स्वतःला कुठेही ओलांडत नाही, कुठेही दोन फेऱ्या चिकटत नाहीत, आणि उरलेल्या भागाचं वेटोळं करून मागे कोंबलेलं नाही. असं वेटोळं आतल्या आत तापून आवरण खराब करतं. राऊटर फिरवलेल्या जागी पार्टिकल बोर्ड उघडा पडतो आणि ओलाव्याने फुगतो, म्हणून खोबणीला वॉर्निशचे दोन हात दिले. त्यानंतर रॅक रिकामा ठेवून केबल चालू-बंद करत आठवडाभर वास जाऊ दिला. सापांच्या फुप्फुसांना अशा वाफा सोसत नाहीत.

केबलवर प्रत्येक कप्प्यात १ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा पत्रा, फळीच्या पातळीत बसवलेला. आता टब सरकतो तो पत्र्यावरून, केबलला घासत नाही, आणि पत्रा ऊब सगळीकडे सारखी पसरवतो. धातू आला की अर्थिंग आलंच. सहाही पत्र्यांना स्क्रू, रिंगची लग आणि दातेरी वॉशर लावून हिरव्या-पिवळ्या वायरने अर्थ जोडलं. ही जोडणी आणि मुख्य सॉकेटवरचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. त्यांनी मल्टिमीटरचं एक टोक पिनेच्या अर्थला आणि दुसरं एकेका पत्र्याला लावून दाखवलं. सगळीकडे १ ओहमच्या आत.

प्रोब टबच्या बाहेर आणला, आणि या दुरुस्तीत सगळ्यांत महत्त्वाचं काय असं मला विचारलं तर मी हेच सांगेन. पत्र्यात छोटी खाच करून तो धातूच्या क्लिपेने, स्क्रूने घट्ट बसवला. साप त्याला ढकलू शकत नाही, त्याच्यावर पाणी सांडत नाही, टब ओढला तरी तो जागचा हलत नाही. अडचण एकच: पत्रा आणि टबच्या आतला तळ यांच्या तापमानात फरक असतो. इथे तो ३ अंशांचा निघाला. म्हणून बॉल पायथनचा थर्मोस्टॅट साडेचौतीसवर ठेवला, तेव्हा आतला तळ साडेएकतीसला स्थिर झाला. दुसऱ्या रॅकमध्ये हा फरक वेगळा निघेल. टबची जाडी, पत्र्याला तो किती टेकतो, यावर तो ठरतो, त्यामुळे हा आकडा उचलून वापरू नये.

शेवटी जास्तीत जास्त मर्यादेचा तिसरा थर्मोस्टॅट. त्याचा प्रोब सहाव्या कप्प्याच्या पत्र्यावर, आकडा ३७. रोजचं नियंत्रण याच्याकडे नाही. दुसरं काही चुकलं तर वीज तोडणं एवढंच त्याचं काम. ताईंनी तो रोजच्या थर्मोस्टॅटच्या पुढे, केबलच्या बाजूला लावायचं ठरवलं होतं. मी क्रम उलटा करायला सांगितला. रोजचे दोन्ही थर्मोस्टॅट डिमर पद्धतीचे होते, म्हणजे वीज एकदम बंद न करता कमी-जास्त करणारे. त्यांच्यातून बाहेर पडणारी वीज कापलेल्या लाटेची असते आणि ती दुसऱ्या थर्मोस्टॅटच्या इलेक्ट्रॉनिक्सला चालत नाही. त्यामुळे भिंत, आरसीसीबी, मर्यादा थर्मोस्टॅट, मग रोजचे दोन, मग केबल, असा क्रम ठेवला. एक्स्टेंशन बोर्ड भिंतीवर, कमरेच्या उंचीला. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर जाते, म्हणजे पाणी ओघळलं तरी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. छताला रॅकच्या वर धुराचा अलार्म.

साप परत ठेवण्याआधीच्या चाचण्या

रिकाम्या टबांसकट तिन्ही थर्मोस्टॅट बाजूला ठेवून केबल थेट पिनेवर दिवसभर चालवली. उद्देश एकच: सगळं नियंत्रण गेलं तर हा रॅक जास्तीत जास्त किती तापेल? खोली २६ अंशांवर होती. बॉल पायथनच्या कप्प्यांत टबचा तळ ३८ला थांबला, कॉर्न स्नेकच्या कप्प्यांत ३४ला. ३८ चांगले नाहीत, पण थंड टोक मोकळं असेल तर सापाला पळायला वेळ मिळतो. थर्मोस्टॅटशिवायही जीव घेणार नाही इतकाच कमजोर हीटर निवडायचा, आणि हे कागदावर न मानता असं मोजून पाहायचं. ही चाचणी मी कधीच गाळत नाही.

दुसरी चाचणी मूळ प्रसंगाचीच. थर्मोस्टॅट जोडून, प्रोब असलेल्या कप्प्यातला टब काढून तीन तास वाट पाहिली. पत्रा हवेला उघडा पडल्याने थोडा थंड होतो, थर्मोस्टॅट थोडी जास्त वीज देतो, बाकीचे कप्पे दीड अंशाने वाढले. पूर्वी हाच आकडा १२ अंशांच्या आसपास होता. तरी ताईंनी स्वतःहून एक नियम केला: सातवा रिकामा टब कायम तयार, एक बाहेर काढला की तो आत.

मर्यादा थर्मोस्टॅटचा प्रोब पिशवीत घालून ४० अंशांच्या पाण्यात धरला. त्याचा रिले (आतला विजेवर चालणारा स्विच) टक्कन सुटला, सगळं बंद. ही तपासणी आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण, दोन्ही दर महिन्याच्या पहिल्या दिवशी. वहीची एक ओळ पुरते.

टबमध्ये दोन बदल केले. प्रत्येक टबमध्ये दोन लपण्या, एक गरम आणि एक थंड टोकाला. आणि गरम टोकाला भुशाचा थर पातळ. जाड थरावर मोजलं की तापमान कमी दिसतं, माणूस थर्मोस्टॅट वाढवतो, आणि साप रात्री भुसा उकरून थेट तळावर जाऊन बसतो. म्हणून मोजायचं ते भुसा बाजूला करून, उघड्या तळावर.

परिणाम

भाजलेल्या बॉल पायथनची जखम वरवरची निघाली. पशुवैद्यांनी मलम दिलं आणि भुसा काढून रोज बदलायचा साधा कागद अंथरायला सांगितलं. पहिली कात टाकल्यावर गुलाबीपणा निम्मा झाला, तिसऱ्या कातीनंतर दोन खवले किंचित मुडपलेले राहिले, बाकी खूण उरली नाही. मधे त्याने पाच आठवडे खाल्लं नाही. ताई रोज त्याचं वजन करत होत्या.

दोन आठवड्यांच्या नोंदींत बॉल पायथनच्या चार कप्प्यांत तळ ३०.५ ते ३२ राहिला, वरचा कप्पा खालच्यापेक्षा दीड अंशाने जास्त. हा फरक केबलच्या फेऱ्या वर थोड्या विरळ करून कमी करता आला असता. आम्ही तो तसाच ठेवला आणि ज्या सापाला गरम टोकाला जास्त बसायची सवय आहे त्याला वर नेलं.

चार महिन्यांनी एका सकाळी रॅक बंद सापडला. मर्यादा थर्मोस्टॅटने वीज तोडली होती. आदल्या संध्याकाळी थंडी वाढली म्हणून ताईंनी रॅकवर जाड पांघरूण टाकलं होतं. त्यामुळे सहावा कप्पा कोंडला, आणि रोजचा प्रोब तिसऱ्या कप्प्यात असल्याने त्याला हे कळलंच नाही. ताईंनी मर्यादा ३७वरून ३९ केली आणि दोन दिवस तशीच चालवली, मग मला सांगितलं. साप सगळे ठीक होते. मर्यादेचा आकडा कधी वाढवायचा नाही, त्याने वीज तोडली की कारण शोधायचं, हे मी बसवताना सांगितलं होतं, पण लिहून चिकटवलं नव्हतं. आता थर्मोस्टॅटखाली कागद आहे: "३७. बदलायचा नाही. आधी फोन." पांघरूण गेलं, ३७ परत आले.

वेगळं काय केलं असतं

पहिल्या फोनवर पिन काढायला सांगितलं असतं, हे वर आलंच आहे.

मर्यादा थर्मोस्टॅटचा प्रोब एकच आहे आणि तो फक्त सहाव्या कप्प्यावर लक्ष ठेवतो. खालच्या दोन कप्प्यांची केबल मोकळी सोडली तरी ३४च्या वर जात नाही, म्हणून तिथे वेगळी मर्यादा ठेवली नाही. थंडीत हे पटतं. खोलीच ३२–३३ अंशांवर गेली तर तोच हिशेब बदलतो, आणि कॉर्न स्नेकसाठी ते जास्त होईल. अशा दिवसांत ती केबल पिनेतून काढायची असं ठरलंय, पण ते माणसाच्या लक्षात राहण्यावर टिकून आहे. मला ते पूर्ण पटलेलं नाही. पुन्हा केलं असतं तर दुसरा मर्यादा थर्मोस्टॅट लावला असता.

आणि रॅक जोडून झाल्यावर खोबणी करण्यात दोन दिवस गेले. फळ्या सुट्या असताना हेच काम दोन तासांचं असतं. हीटिंग कुठून जाणार हे पहिली फळी कापण्याआधी ठरवायला हवं.

ताई आता आणखी दोन कप्पे वाढवणार आहेत. जुन्या केबलमधून थोडी लांबी काढून नव्या कप्प्यांत नेता येईल का, की उरलेली कापून टाकता येईल, असं त्यांनी विचारलं. कापायची तर अजिबात नाही. या केबलची लांबी कमी केली की तिचा रोध कमी होतो, प्रवाह वाढतो, आणि उरलेली केबल आधीपेक्षा जास्त तापते. नव्या कप्प्यांना नवी केबल, आणि साप ठेवण्याआधी तीच दिवसभराची मोकळी चाचणी.